वडिलांच्या गाडीचा सायलेन्सर

दोघा भावांमध्ये अकरा वर्षं बोलाचाल नव्हती, आणि मोटरसायकल मात्र दोघांत मिळून एकच होती.

ती वडिलांची. विजेच्या मीटरचे आकडे टिपत ते आयुष्यभर तिच्यावरून हिंडले. शेवटच्या आजारपणात त्यांनी भांड्याकुंड्यांपासून शिलाई मशिनपर्यंत सगळ्याची वाटणी नीट सांगितली. गाडीपाशी आले तेव्हा ‘ती दोघांची,’ एवढंच म्हणाले आणि डोळे मिटले. ‘दोघांची म्हणजे कशी, बाबा?’ असं थोरल्याने दोनदा विचारलं, पण खुलासा मागायला जरा उशीरच झाला होता.

थोरला एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तिथे त्याला ‘अनुस्वार’ म्हणत, कारण पानभर मजकुरातलं एक टिंब गळालं तरी त्याच्या अंगावर झुरळ चढल्यासारखं होई. धाकटा दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या अंगाला त्याचं लहानसं वर्कशॉप होतं आणि अर्ध्या गावाचं हसू त्याच्या हातचं होतं.

वडील गेले त्या दुपारी वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर धाकट्याने लिहिला. रडत रडत लिहिला. थोरल्याने तो वाचायला घेतला, खिशातलं लाल पेन काढलं आणि भरल्या घरात, नातेवाइकांच्या देखत त्यात आठ चुका काढल्या. आठव्या चुकीपर्यंत सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग धाकटा म्हणाला, “बाबा गेलेत, दादा. माझी परीक्षा नाहीये ही.”

“गेलेत म्हणून काय त्यांना अशुद्ध जाऊ द्यायचं?” थोरला म्हणाला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

जावांचं मात्र उत्तम होतं. रोज सकाळी फोन झाल्याशिवाय दोघींचा दिवस सुरू होत नसे. गाडीचा तोडगाही त्यांनीच काढला: सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. पाळी संपली की धाकटा गाडी आणून फाटकाशी लावायचा, किल्ली वहिनीच्या हातात द्यायचा, चहा प्यायचा आणि थोरल्याची कामावरून यायची वेळ झाली की उठायचा. गाडीच्या बाजूच्या डब्यात वडिलांची ऑइल बदलल्याच्या तारखांची वही होती. भाऊ त्यात एकमेकांना लिहीत. थोरल्याने लिहावं, ‘डावा आरसा सैल आहे.’ सहा महिन्यांनी खाली उत्तर यावं, ‘मान वळवता येते.’ त्यात ‘वळवता’चा ‘ळ’ थोरल्याला नीट काढलेला वाटला नाही, म्हणून त्याने तो गिरवला.

यंदा गाडी आली ती सायलेन्सर गंजून.

थोरल्याने नेहमीसारखी गाडीभोवती फेरी मारली आणि उजव्या बाजूला येऊन थबकला. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सगळा सायलेन्सर नारिंगी झाला होता. बोट फिरवलं तर बोट नारिंगी. खरं म्हणजे त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण आतून त्याला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत एवढी ढळढळीत चूक धाकट्याने पहिल्यांदाच त्याच्या हातात दिली होती.

“अहो, हसताय काय?” बायको दारातून म्हणाली. “गंज आहे तो.”

“गंजच आहे,” थोरला म्हणाला. “पुसून जाणार नाही असा.”

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने सायलेन्सरवर बोटाने दोन टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, “आतून ठीक आहे. वरनं काळा हात मारून देतो. अर्ध्या तासात घेऊन जा.”

“गंज न काढता?”

“रंगाखाली कोणाला दिसतोय?”

थोरल्याला एकदम छापखान्यातला तो नवा माणूस आठवला, जो चुकलेल्या शब्दावर पांढरा कागद चिकटवायचा. त्याने गाडी वळवली. हे काम आपण करायचं, आणि असं करायचं की सहा महिन्यांनी सायलेन्सर बघून धाकट्याला मान वर करता येऊ नये, असं त्याने घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

थोरल्याने आयुष्यात दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढल्या होत्या; स्वतःच्या हाताने भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. रविवारी सकाळी त्याने मागच्या अंगणात पोतं अंथरलं, पाने-पकडी मांडल्या आणि नट सोडवायला बसला. नट हलणार नाहीत अशी तयारी ठेवून त्याने दात आवळून जोर लावला, तर नट लोण्यातून निघावा तसा निघाला आणि थोरला मागे बादलीवर आदळला. बाकीचेही तसेच. नटांच्या आट्यांना ताजं तेल होतं. एवढ्यात कोणीतरी ते सोडवले असणार, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. थोरल्याने त्याचा अर्थ आपल्या मनगटात जोर आहे असा लावला.

मग घासकाम सुरू झालं. आधी तारेचा ब्रश, मग खरखरीत पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. पहिल्या तासात त्याला वाटलं, आपण जन्मभर भलत्याच धंद्यात राहिलो. दुसऱ्या तासात बोटांची सालं गेली. गंजाची भुकटी वाऱ्यावर उडून दोरीवरच्या धुतलेल्या चादरींवर बसली आणि बायकोने त्या शांतपणे, एक शब्द न बोलता, त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा बादलीत टाकल्या. ती ओरडली असती तर परवडलं असतं.

“आज कुठवर आलंय?” धाकटी जाऊ फोनवर विचारायची.

“वाकणापर्यंत,” मोठी सांगायची. “जेवायला बसले की हात असे धरतात, जणू कोणी पुरस्कार दिलाय.”

थोरल्याने केलेलं प्रत्येक काम अशा रीतीने तासाभरात धाकट्याच्या घरी पोचत होतं. त्याला ते माहीत होतं. म्हणून तर तो बायकोला सगळं सविस्तर सांगायचा.

खोलगट जागांमधला गंज घासून जाईना. दुकानदाराने गंज खाणारं औषध दिलं. ते लावलं, धुतलं, फडक्याने पुसलं, उन्हात वाळवलं, थिनर फिरवला. आठवडाभराने सायलेन्सर राखाडी, नितळ, मुंडण केल्यासारखा झाला. मग त्याच दुकानातून त्याने उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणला.

डब्याच्या मागे बारीक अक्षरात सूचना होत्या. थोरल्याने चष्मा पुसला, डबा उजेडात धरला आणि सूचना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, दोनदा वाचल्या. त्यात त्याला सात चुका सापडल्या. ‘पृष्ठभाग’मधला ‘ष्ठ’ चुकला होता, ‘थंड होऊ द्या’मधला ‘ऊ’ ऱ्हस्व होता, आणि एका ठिकाणी वाक्यच अर्धवट तुटलं होतं. त्याने सातही चुका एका कागदावर उतरवल्या आणि रंगाच्या कंपनीला एक सौम्य पण ठाम पत्र लिहिलं. बायकोला मोठ्याने वाचूनही दाखवलं.

“पण रंग लावायचा कसा, ते कळलं ना?” तिने विचारलं.

“त्यात काय कळायचंय? हलवायचा आणि मारायचा.”

रंग त्याने खरंच सुरेख मारला. सायलेन्सर तारेने झाडाला टांगला, खाली जुन्या मुद्रितांचे कागद अंथरले आणि पातळ हात दिले, एकावर एक, तीन. कुठे ओघळ नाही, कुठे दाणा नाही. दोन दिवस वाळवून त्याने सायलेन्सर गाडीला बसवला, लांब जाऊन पाहिला, खाली बसून पाहिला, आणि शेवटी बायकोला बोलावून तिलाही पाहायला लावला. ती म्हणाली, “छान झालाय हो,” आणि हे तिने मनापासून म्हटल्यामुळे थोरला क्षणभर गोंधळला.

सहा महिने थांबण्याचा त्याचा बेत तिथेच ढासळला. एवढं शुद्ध काम घरात झाकून ठेवणं त्याला जड जाऊ लागलं. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीची पँट घालून तो म्हणाला, “जरा चक्कर मारून येतो.”

“कुठे?”

“अशीच.”

तो फाटकाबाहेर पडायच्या आत बायकोने फोन उचलला. “तुमच्याच गल्लीत येतायत. भाऊजींना सांग, बघून न बघितल्यासारखं करा.”

धाकट्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळच्या उन्हात, दर चौकात थांबत, थोरला अर्धा तास गाडी चालवत होता. निम्म्या वाटेवर काहीतरी जळल्याचा वास आला. पुढच्या ट्रकचा असेल, असं त्याला वाटलं. ट्रक वळून गेला, वास राहिला. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. रंगाची तारीफ इतक्या लवकर होईल असं त्याला वाटलं नव्हतं, म्हणून त्याने पाठ जरा ताठ केली.

धाकट्याच्या गल्लीत तो शिरला तेव्हा उजव्या पायाशी निळसर धूर निघत होता आणि इस्त्रीच्या पँटची मोहरी सायलेन्सरला चिकटली होती. तिला सोडवायला त्याने पाय झटकला, तोल गेला, ब्रेक लागला, आणि बरोबर धाकट्याच्या फाटकासमोर गाडी धुरात उभी राहिली.

धाकटा झाडांना पाणी घालत होता. म्हणजे हातात नळी होती आणि पाणी एकाच कुंडीत पडून बाहेर वाहत होतं. न बघितल्यासारखं करायचं त्याने पक्कं ठरवलं होतं. पण समोरचं दृश्य तसं सोपं नव्हतं.

“बंद कर,” तो म्हणाला.

“काय?” थोरला म्हणाला.

“इंजिन बंद कर आधी. आणि पाय ओढू नकोस, कातडं निघेल.” मग आत वळून, “अगं, कात्री आण!”

अकरा वर्षांनंतरचं बोलणं कसं असेल याचा थोरल्याने कधीमधी विचार केला होता. त्यात कात्री नव्हती. धाकटी जाऊ कात्री घेऊन धावत आली, तिने थोरल्याची मोहरी कापून त्याला गाडीपासून वेगळं केलं आणि हसू आवरण्यासाठी पदराचं टोक तोंडात धरून आत गेली.

धाकट्याने उकिडवं बसून सायलेन्सर पाहिला. रंगाला फोड आले होते. मधोमध कापडाचा एक तुकडा भाजून बसला होता.

“घासलंयस सुंदर,” तो म्हणाला. “एवढं मलाही जमलं नसतं. पण भाजलास का नाही?”

“भाजलास म्हणजे?”

“हा रंग नुसता वाळवून चालत नाही. टप्प्याटप्प्याने तापवावा लागतो. दहा मिनिटं इंजिन चालू, मग पूर्ण गार. मग वीस मिनिटं, पुन्हा गार. मग तीस. तेव्हा तो पक्का होतो. मला दुकानदाराने सांगितलं होतं; डब्यावरही लिहिलेलं असणार.”

“वाचलंय मी डब्यावरचं,” थोरला म्हणाला. “दोनदा वाचलंय. ‘थंड होऊ द्या’मध्ये ‘ऊ’ ऱ्हस्व—”

तो थांबला. ‘थंड होऊ द्या’ हे शब्द तीनदा आले होते हे त्याला अगदी स्वच्छ आठवलं. तिन्ही ठिकाणी त्याने ‘ऊ’ सुधारला होता.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांची तयार उत्तरं त्याच्याजवळ असणार, पण त्यातलं एकही त्याने काढलं नाही. “चल आत,” तो म्हणाला. “काढू पुन्हा.”

वर्कशॉपमध्ये फळीवर कवळ्या ओळीने मांडल्या होत्या आणि सगळ्या दात विचकून थोरल्याकडे बघत होत्या. धाकट्याने पाना घेतला आणि नट भराभर सोडवले. इतक्या सराईतपणे की थोरल्याच्याही डोक्यात उजेड पडला.

“तू काढला होतास हा,” तो म्हणाला. “नटांना तेल होतं.”

धाकटा काही वेळ पान्याशी खेळत राहिला. “वाकणाशी थोडासा गंज होता,” तो म्हणाला. “म्हटलं, तुला द्यायच्या आधी साफ करू. नाहीतर तू वहीत लिहिणार. औषध लावलं, धुतलं, आणि तेवढ्यात एका म्हाताऱ्याची कवळी तुटून आली, तिच्यात अडकलो. ओला तसाच राहिला तीन दिवस. बघतो तर सगळाच नारिंगी.”

“औषधाच्या बाटलीवर लिहिलं असेल ना, लगेच पुसा म्हणून.”

“असेल. मी कुठे वाचतो? रोज घासण्या-धुण्याचंच काम करतो मी, मला काय वाचायचंय?”

एकाने नुसतीच अक्षरं वाचली होती, दुसऱ्याने तीही नाही, आणि दोघांच्या मधे वडिलांचा सायलेन्सर दोनदा बिघडला होता.

फोड आलेला रंग काढायला दुपार झाली. धाकट्याच्या छोट्या घासायच्या मशिनने काम पटकन होत होतं, पण कडेकोपरे थोरल्याने हाताने केले, आणि धाकट्याने ते त्याला करू दिले. वर्कशॉपच्या शेगडीला मारून उरलेला तसल्याच रंगाचा अर्धा डबा धाकट्याकडे होताच. रंग वाळेपर्यंत जेवणं झाली. थोरल्याच्या बायकोला रिक्षाने बोलावून घेतलं होतं; ती दुसरी पँट घेऊन आली.

मग सायलेन्सर बसवून दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि बंद केलं. आता गार व्हायची वाट बघायची. दोघं भाऊ दोन स्टुलांवर बसले. वर्कशॉपमध्ये बघायला कवळ्यांखेरीज काही नव्हतं.

वीस मिनिटांच्या पाळीनंतर धाकटा म्हणाला, “‘वडील’ लिहिलं की डी दीर्घ. ‘वडिलांचे’ लिहिलं की ऱ्हस्व. हे रडताना कोणाला आठवतं रे, दादा?”

“मला आठवलं,” थोरला म्हणाला.

“तेच तर म्हणतोय मी!” धाकटा उठून उभा राहिला. “सगळ्यांसमोर! मामासमोर! वाचूनसुद्धा दाखवलंस, ‘ही सहावी.’ मी काय छापखान्यात नोकरी मागायला आलो होतो?”

“मग मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस.”

“तू घेतलंस का मला बाजूला?”

आवाज एवढे चढले की आतून दोघी जावा दारात येऊन उभ्या राहिल्या. मोठी पुढे व्हायला लागली तशी धाकटीने तिचा हात धरला. “राहू द्या जाऊबाई. किती दिवसांनी बोलतायत.”

भांडण अर्धा तास चाललं. त्यात शिलाई मशिन निघालं, लहानपणी फोडलेली दौत निघाली, धाकट्याच्या लग्नातली रुसलेली आत्या निघाली. मग दम लागून थोरला खाली बसला आणि सायलेन्सरकडे बघत म्हणाला, “त्या दिवशी मला दुसरं काही करता येत नव्हतं. डॉक्टर येऊन गेले होते, तू सगळं बघत होतास, बायका रडत होत्या. माझ्या हाताला येणारं एवढंच काम होतं त्या घरात.”

धाकट्याने उठून इंजिन सुरू केलं. तिसरी पाळी, तीस मिनिटं. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, आणि ते दोघांच्याही पथ्यावर पडलं.

इंजिन बंद झाल्यावर थोरला म्हणाला, “अजून एक सांगायचंय. कोणाला सांगितलं नाही मी.”

“काय?”

“पेपरात छापून आलं तेव्हा ‘शोकाकुल’मधला काना गळाला होता. ‘शोककुल परिवार’ असं आलं. आठ चुका मी काढल्या आणि नववी शेवटच्या ओळीत छापली गेली. त्यांनी मुद्रित मलाच दाखवलं होतं. सही माझी आहे त्याच्यावर.”

धाकट्याने खिशातलं पाकीट चाचपलं. “माझ्याकडे ते कात्रण आहे. अकरा वर्षं पाकिटात आहे. मला कधी दिसलं नाही.”

“तुला दिसणार नाहीच.”

यावर खरं तर पुन्हा भांडण व्हायला हवं होतं. पण धाकट्याला हसू आलं. आधी नाकातून, मग पोट धरून, मग खोकला लागेपर्यंत. “शोककुल!” तो म्हणत राहिला. “शोककुल परिवार!” थोरल्याने काही काळ चेहरा गंभीर ठेवला आणि मग त्याचाही धीर सुटला.

सायलेन्सर छान निघाला. गार झाल्यावर धाकट्याने नखाने खरवडून पाहिलं, थोरल्याने भिंग घेऊन पाहिलं, आणि दोघांनाही काही सापडलं नाही याचं दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

गाडी आता धाकट्याकडेच असते, कारण त्याच्याकडे छप्पर आहे. सहामाहीची पद्धत बंद झाली. दर रविवारी थोरला तिथे जातो आणि दोघं मिळून तिच्यामागे लागतात. सायलेन्सर एवढा झळकतो की बाकीची गाडी त्याच्याशेजारी फारच म्हातारी दिसते. चेनच्या कव्हरवरून तीन आठवडे वाद चालला आहे, टाकीच्या रंगावरून त्याच्याही आधीपासून. फोनही आता भाऊच करतात, रोज सकाळी, आणि एवढ्या मोठ्या आवाजात भांडतात की जावांना एकमेकींशी बोलायला फोन मोकळा मिळत नाही. त्या दोघी हल्ली बाजारात भेटतात.

परवाच्या रविवारी नवा पॉलिश पेपर आणायला दोघं भाऊ गाडीवरून निघाले. धाकटा पुढे, थोरला मागे. फाटकातून बाहेर पडताच थोरला म्हणाला, “डावीकडे घे.” धाकट्याने उजवीकडे घेतली. कोपऱ्यावरून गाडी दिसेनाशी झाली तरी दोघांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.